पूर्ण बाह्या

बाजरीचं पीठ टोकियोतल्या निशी-कसाईहून गाडीच्या डिकीतून आलं होतं, तवाही आला होता. विभाच्या स्वयंपाकघरात पाणी उकळत होतं. लीलावतीने परात पुढ्यात ओढली, पोलक्याच्या मनगटावरची बटणं काढली आणि स्वेटरसकट दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारून पिठात आळं केलं.

बोलता बोलता विभा थांबली.

तोवर तिची टकळी अखंड चालू होती. ती आणि गुणवंत टोकियो सोडून डोंगरातल्या ह्या युनोहारा गावात राहायला आल्यापासून मराठीत बोलायला तिला नवऱ्याशिवाय माणूस नव्हतं, आणि नवरा ऐकता ऐकता झोपतो अशी तिची तक्रार होती. त्यामुळे दुपारी अवधूतची गाडी दारात लागल्यापासून ती अवधूतच्या आईच्या, लीलावतीच्या, मागेमागे होती. गल्लीने तिला पहिल्या वर्षी कचरा ठेवायलाही आपल्या खोपटात जागा दिली नव्हती. मग एका हिवाळ्यात शेजारच्या मियासाका-सान नावाच्या म्हातारीच्या दारातलं बर्फ विभाने न सांगता ओढून टाकलं. म्हातारी काही बोलली नाही. पुढच्या हिवाळ्यात तिने विभाच्या दारात दोन मुळे ठेवले. आणि आता, ह्याच महिन्यात, गल्लीच्या गरम झऱ्याच्या न्हाणीत विभाच्या नावाची लाकडी पाटी लागली होती.

"म्हणजे आता न्हाणी धुवायची पाळी मलाही येते, काकू. तुम्ही हसाल, पण पहिल्यांदा तिथली फरशी घासली ना, त्या दिवशी घरी येऊन रडले मी. पाटी असली की पाहुणा नेता येतो. पहिला पाहुणा तुम्ही. एकदा ते गुडघे त्या पाण्यात बुडवा, मग बघा. पाच वाजता आपण..."

तिथे ती थांबली. लीलावतीने मान वर केली. विभा तिच्या हातांकडे बघत होती.

"हे दोन्ही हातांवर आहे, काकू?"

"कोपरापर्यंत. हे तुळशीवृंदावन, हा मनगटावर विंचू. डावीकडे मोर आहे, त्याला पिसारा नाही. मी मध्येच उठले." लीलावतीने पिठात पाणी ओतलं. "तू काय गोंदण पाहिलं नाहीस का गं? कराडची ना तू?"

"पाहिलंय. माझ्या आजीला होतं." विभाने गॅस बारीक केला, मग उगाच पुन्हा मोठा केला. "अवधूत तुम्हाला काही बोलला नाही?"

"कशाबद्दल?"

"काकू, इथल्या न्हाणीत अंगावर गोंदलेलं चालत नाही. दारावरच लिहिलेलं असतं, चित्र काढून. इथे ते गुंडांचं लक्षण धरतात. नव्या पोरांना काही वाटत नाही हल्ली, पण जुनी माणसं आहेत, आणि नियम आहे. पोहायच्या तलावावरसुद्धा नाही."

"तलावावर नाही?"

"नाही."

लीलावतीचे हात पीठ मळत राहिले, पण मन ऑगस्टात गेलं. ती यायच्या आधी अवधूतने फोनवर सांगितलं होतं, आई, पुण्यात शिंप्याकडून पूर्ण बाह्यांची पोलकी शिवून घे. इथलं ऊन वाईट, इथल्या बायकाही मनगटापर्यंत झाकून असतात. येऊन पाहिलं तर ते खरंच होतं. रस्त्यात बाया हातमोजे घालून सायकल चालवत होत्या. मग नातीच्या, ओवीच्या, पोहण्याच्या स्पर्धेला सगळे गेले, तेव्हा आजीला तिथे बसायला जागा नसते म्हणून ती घरी राहिली. ऊन सरलं तर थंडीचं निघालं. उबदार स्वेटर आले, बाह्या पुन्हा लांबच. घामाने पोलकं पाठीला चिकटलेलं असताना तिने बहिणीला फोनवर सांगितलं होतं, पोरगा फार जपतो गं मला.

तिने भाकऱ्या पुऱ्या केल्या. एकही करपली नाही. शेवटची टोपलीत टाकून, तवा उतरवून मगच ती बाहेरच्या खोलीकडे वळली.

बाहेर सगळे त्या बुटक्या टेबलाभोवती बसले होते, ज्याच्या खाली शेगडी असते आणि वरून गोधडी. जोडीला चहा आणि चकल्या होत्या, आणि गुणवंतने अवधूतला धरलं होतं.

"बायको ड्रायव्हर आणि साहेब मागे बसून नकाशा बघणार. लायसन्सला किती वेळा नापास झालास रे?"

"दोनदा," नुपूर म्हणाली. सबंध वाट तिनेच गाडी चालवली होती आणि आता तिने गोधडी गळ्यापर्यंत ओढली होती. "दुसऱ्या वेळी तर रस्ता मोकळा होता. मान वळवून बघितलं नाही म्हणून नापास. मी तेव्हा म्हटलं, घरातही कधी वळवत नाही."

"पुढच्या वेळी होईल," अवधूत म्हणाला.

"पप्पा, लास्ट टाइम पण तुम्ही हेच म्हणाला होता," ओवी म्हणाली. तेरा वर्षांची ओवी बापाला सोडायची नाही. घरात ती मराठी समजायची सगळं, पण उत्तर तोंडाला येईल त्या भाषेत द्यायची.

लीलावती दारात उभी राहिली. हातांना पीठ तसंच होतं आणि बाह्या वरच होत्या.

"अवधूत, ती पोलकी कुणासाठी शिवायला लावलीस रे?"

अवधूतने आधी आईच्या मागे उभ्या असलेल्या विभाकडे पाहिलं. मग चहाचा कप खाली ठेवला.

"आई, आधी बस तरी."

"उभीच बरी. बसले की गुडघे उठू देत नाहीत. कुणासाठी?"

"तुझ्यासाठीच."

"मला उकडत होतं."

गुणवंतने चकलीची बशी उगाच दुसरीकडे सरकवली.

"मी सांगणार होतो तुला," अवधूत म्हणाला. "वेळ बघून."

"ऑगस्टपासून वेळ मिळाला नाही?"

"काय सांगू? तुझे हात बघून लोक जागा बदलतील, हे? तू शेजारी बसलीस म्हणून एखादीने आपलं पोर जवळ ओढलं असतं. तुला भाषा कळत नाही, पण ते कळलं असतं. मला बघवलं नसतं, आई."

"मग आपले डोळे झाकायचेस. माझे हात कशाला झाकलेस?"

अवधूत लाल झाला. लहानपणीही तो असाच व्हायचा, कानांपासून. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे तिला दिसत होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग येत होता. वाईट असतं तर दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती.

"पप्पांनी स्टिकर आणलेत," ओवी म्हणाली. "आजीसाठी. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत."

"ओवी."

"आहेत ना पण."

मग ते पाकीट टेबलावर आलं. पातळ कातडीसारखे कागद, हातावर चिकटवायचे, पाण्यात तासभर टिकणारे. अवधूतने ते टोकियोतच घेऊन ठेवले होते. म्हणजे इथवरच्या सबंध वाटेत, ती न्हाणीबद्दल विचारत होती आणि तो बरं वाटेल तुला, बरं वाटेल असं म्हणत होता तेव्हा, पाकीट बॅगेत होतं. ओवीने एक कागद काढून आजीच्या हातावर धरला. फिकट, दुधात बुडवलेल्या पावाच्या रंगाचा.

"धिस इज नॉट युअर कलर, आजी. सगळ्या हातावर बँडेज लावल्यासारखं दिसेल."

गुणवंतला चहाचा ठसका लागला. विभाने त्याच्या पाठीत जरा जोरातच थापटी मारली.

"काकू, लावा ना," विभा पुढे येऊन म्हणाली. "कसा का दिसेना रंग. झाकलेलं असलं की चालतं त्यांना. एका तासाचा तर प्रश्न आहे."

"हो आई," नुपूर म्हणाली. "मी लावून देते नीट. बाहेर आलो की काढून टाकू."

लीलावतीने एकेकाकडे पाहिलं. पाकिटाच्या बाजूला सगळे होते. ओवी कुणाच्याच बाजूला नव्हती, ती कागद ताणून बघत होती.

"तुम्हाला वाटत असेल, म्हातारीला आपल्या गोंदणाचा फार अभिमान," लीलावती म्हणाली. आता मात्र ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. "मला कधी आवडलं नाही ते. माझ्या वडिलांना पसंत नव्हतं, म्हणून लग्न होऊन आले तेव्हा माझे हात कोरे होते. सासूने पहिल्या दिवशी पदर बाजूला करून हात बघितले आणि सांगितलं, कोऱ्या हाताचं पाणी ह्या घरात कुणी पिणार नाही. हंड्याला हात लावायचा नाही, चुलीपाशी यायचं नाही. मी अंगणात बसून जेवायची. तुझे वडील आतून बघायचे, अवधूत. बोलायचे नाहीत काही."

अवधूत गोधडीवरचा धागा ओढत राहिला.

"मग बाजाराच्या दिवशी गोंदणारीण आणली. सासूने आणि जावेने मला धरलं. दोऱ्याने बांधलेल्या सुया, काजळीत बुडवायच्या आणि टोचायच्या. सोळा वर्षांची होते. उजवा हात पुरा झाला. डाव्यावर मोर काढायला घेतला तेव्हा अंगात ताप चढला होता. पिसाऱ्याला सुरुवात करणार, तोच मी हात ओढून घेतला आणि उठले. म्हटलं, पाणी प्यायचं असेल तर एवढ्यावर प्या, नाही तर राहू द्या."

"मग?" ओवीने विचारलं.

"मग काय. प्यायले. तहान लागल्यावर पितात लोक."

ओवी खुदकन हसली. लीलावतीही हसली असती, पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"तेव्हा गोंदण नाही म्हणून पाण्याला शिवू दिलं नाही. आज गोंदण आहे म्हणून. मधल्या सगळ्या वर्षांत ह्या हातांनी काय काय केलं ते मला ठाऊक. चाळिशीत रात्रीच्या वर्गाला गेले, पाटीवर अ काढायला शिकले, तोही ह्याच हाताने. ते माझे आहेत. मी पाच वाजता न्हाणीवर जाणार आहे, आणि कागद लावणार नाही. नाही म्हणायचं असेल तर ज्यांची न्हाणी आहे त्यांनी म्हणावं, माझ्या तोंडावर. माझ्या पोराने परस्पर म्हणायचं नाही."

"आणि विभाचं काय?" अवधूत म्हणाला.

विभा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा आवाज बदलला होता. "काकू, राग मानू नका. तुम्ही परवा सेंदाईला जाल, तिथून घरी. मी इथेच आहे. त्या बायका चांगल्या आहेत, पण विसरत नाहीत. माझी पाटी लागून महिना नाही झाला."

हे खरं होतं, आणि लीलावतीला ते टाळून पुढे जाता येईना. तिने हातावरचं सुकलेलं पीठ खरवडून काढलं. विंचू मोकळा झाला.

"मी दाराबाहेर उभी राहीन," ती शेवटी म्हणाली. "त्यांनी ये म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही. आत येऊ देत नाही म्हणाल्या तर तशीच मागे फिरेन, एक शब्द वर बोलणार नाही. पण तूच सांग, हे कागद लावून आत गेले आणि गरम पाण्यात सुटले, मग तुझी पाटी राहील? चोरून आणलं म्हणतील. तुला म्हणतील, मला नाही."

विभाने पाकीट उचलून उलटंसुलटं करून पाहिलं.

"सुटतात ते," गुणवंत म्हणाला. "ऑफिसातल्या एकाचा सुटला होता. पाण्यावर तरंगत होता, सगळ्यांसमोर."

"तू गप्प बस," विभा म्हणाली, पण तिचे खांदे जरा सैल झाले.

"विचारून गेलेलं बरं, आई म्हणतात ते बरोबर आहे," नुपूर एकदम म्हणाली. अवधूतने तिच्याकडे बघितलं तशी तिने नजर चुकवली नाही. "काय बघतोस? तलावाचं मला माहीत होतं. स्वेटर मीच आणले, लांब बाह्यांचे बघून. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलंही होतं तुला."

"एकदाच म्हणालीस."

"दहादा म्हणायला हवं होतं, ते राहिलं."

"स्वेटर चांगला आहे गं," लीलावती म्हणाली. "ऊब आहे त्यात. तो ठेवून घेते मी."

पाचच्या सुमाराला ती तयार झाली. पेटीच्या तळाशी तिचं जुनं पोलकं होतं, दंडापर्यंतच्या बाह्यांचं. ते तिने घातलं. वरून स्वेटर अंगात न घालता नुसता खांद्यावर टाकला. अवधूत दारात बूट घालत होता. त्याच्या जाकिटाच्या खिशातून पाकिटाचा कोपरा बाहेर दिसत होता. तिने तो पाहिला आणि चपला पायात सरकवल्या.

गल्ली उताराची होती. गटारांच्या जाळ्यांतून वाफ वर येत होती आणि सगळीकडे उकडलेल्या अंड्यांचा वास होता. समोरच्या डोंगराचं लाल पिवळं रान अंधारायला लागलं होतं. न्हाणी म्हणजे काळ्या लाकडाची एक बैठी इमारत होती, एका अंगाला पुरुषांचं दार, एका अंगाला बायकांचं. दोन्ही दारांवर निळे पडदे. पण आज बायका पडद्याआड कमी आणि बाहेर जास्त होत्या. शेजारी दगडी टाकं होतं, वाफाळलेलं, आणि त्याच्याभोवती पाच-सहा जणी रबरी बूट घालून पाल्याच्या जुड्या धूत होत्या. मुळ्याच्या पाल्यासारखा पण हातभर लांब, हिरवागार पाला. सगळ्या गल्लीत त्याचे ढीग पडले होते.

"बर्फ पडायच्या आधी ह्याचं लोणचं घालतात," विभा हळू आवाजात म्हणाली. "घरोघरी पिंपं भरतात. गरम पाण्यात धुतला की पाला नरम येतो. त्या निळ्या रुमालवाल्या मियासाका-सान. न्हाणीचं सगळं त्याच बघतात."

मियासाका-सान कंबरेत वाकलेली, पण मानेने ताठ म्हातारी होती. विभा पुढे जाऊन वाकली, पाहुणे आल्याचं सांगितलं. म्हातारी सगळ्यांकडे बघून हसली. तेवढ्यात लीलावतीने खांद्यावरचा स्वेटर काढून नुपूरच्या हातात दिला आणि दोन्ही हात पुढे धरले, पालथे, मग उताणे.

टाक्याभोवतीचं बोलणं बंद झालं. पाल्यातून निथळणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज येत राहिला.

"ओवी, सांग," लीलावती म्हणाली. "म्हणावं, माझ्या अंगावर असं आहे. आत येऊ देता का, विचारायला आले."

ओवीने सांगितलं. तिच्या पाठोपाठ अवधूत पुढे झाला. माफीचं सुमिमासेन, सुमिमासेन म्हणत तो कमरेत वाकला आणि खिशातून पाकीट काढून दाखवायला लागला.

"अवधूत, बाजूला हो," आई म्हणाली. "आणि वाकू नकोस. मी काही केलेलं नाही."

तो सरळ झाला. त्याच्या हातात पाकीट तसंच राहिलं.

मियासाका-सानने हात टॉवेलला पुसले आणि जवळ आली. तिने लीलावतीच्या हातांना हात लावला नाही, पण वाकून बघितलं, आधी तुळस, मग विंचू, मग तो मोर. काहीतरी विचारलं.

"ती म्हणते, हे कुणी केलं? कधी?" ओवी म्हणाली.

"सांग, सासूने करून घेतलं. ह्याशिवाय घरातल्या पाण्याला हात लावू देत नव्हती."

ओवी सांगत असताना म्हातारीच्या तोंडावर काही हललं. टाक्यापाशी एक जण हसली आणि लगेच गप्प झाली. मग मियासाका-सान बोलली, बराच वेळ, एका हाताने न्हाणीकडे दाखवत. ओवीला मध्ये एकदा तिला थांबवावं लागलं.

"ती म्हणते, ती लग्न होऊन ह्या गावात आली तेव्हा सुनांनी सगळ्यांच्या नंतर आंघोळ करायची असायची. पाणी गार झाल्यावर. सासू दारात बसायची बघत, इथेच. असं खूप वर्षं." ओवीने श्वास घेतला. "आणि ती म्हणते, सॉरी, पण रूल तिचा एकटीचा नाही, गल्लीचा आहे. झाकलं तर आत या म्हणते. नाही तर नाही."

"झाकणार नाही, सांग."

"आई," अवधूत म्हणाला.

"सांग गं."

ओवीने सांगितलं. मियासाका-सानने नकारार्थी मान हलवली आणि एकच शब्द बोलली, तो ओवीने मराठीत सांगायची गरज पडली नाही.

"बरं," लीलावती म्हणाली.

बरं म्हणणं सोपं नव्हतं. पडद्याच्या फटीतून वाफ बाहेर येत होती आणि तिच्या गुडघ्यांना ती कळत होती. कितीतरी दिवस तिने ह्या पाण्याचा विचार केला होता. परक्या बायकांपुढे कपडे काढायचे म्हणून आधी लाजली होती, मग म्हणाली होती, तीन बाळंतपणं झाल्यावर कसली लाज. सगळी तयारी झाली होती. पण तिला नाही म्हटलं होतं ते तिच्या तोंडावर, तिच्या हातांकडे नीट बघून, आणि ते नाही ऑगस्टापासूनच्या सगळ्या जपण्यापेक्षा तिला हलकं वाटलं.

विभा पडद्यापाशी टॉवेल घेऊन उभी होती. आतून कुणीतरी तिला हाक मारली.

"जा तू," लीलावती म्हणाली. "तुझी पाटी आहे." आणि तिने टाक्याकडे बघितलं. "ओवी, ह्या टाक्यातलं पाणी कुठलं?"

"तेच. सेम झरा. इकडून आत जातं, तिकडून ह्याच्यात येतं."

"मग ह्यात हात घालायला मनाई आहे का, विचार."

ओवीने आधी आजीकडे बघितलं, मग विचारलं. मियासाका-सानने बायकांकडे बघितलं, बायकांनी तिच्याकडे. एक जण काहीतरी पुटपुटली. दुसरीने खांदे उडवले. म्हातारी पुन्हा ते हात बघत राहिली, इतका वेळ की नुपूर स्वेटर घेऊन पुढे सरकली.

"ती म्हणते," ओवी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, "पाल्याचा काही नियम नाही."

लीलावतीने तिथलं एक लाकडी बसणं ओढलं. टाक्यातून सांडलेलं पाणी खालच्या दगडी पन्हळीतून वाहत होतं. तिने चपला काढल्या, लुगडं घोट्यांच्या वर घेतलं आणि पाय त्या पन्हळीत सोडले. मग ढिगातली एक जुडी उचलली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले.

पाणी खूपच गरम होतं. ती ओठ घट्ट मिटून बसली, हात काढले नाहीत. मेथी धुवावी तशी ती पाला खळबळायला लागली, तोच मियासाका-सानने जुडी तिच्या हातातून ओढून घेतली, नाराजीने काही बोलली, बुडखा वर धरून पानं कशी दाबायची आणि चिखल कुठे राहतो ते करून दाखवलं आणि जुडी परत दिली.

"चुकलं वाटतं माझं," लीलावती म्हणाली.

"ती म्हणते, असं धुतलं तर लोणचं कडू होतं."

"सांग, शिकते म्हणावं. मी उशिरा शिकते, पण शिकते."

दुसरी जुडी बरी धुतली गेली. म्हातारीने ती हातात घेऊन बघितली आणि आपल्या धुतलेल्या ढिगात टाकली. तिसरी तिने बघितलीही नाही. विभा अजून पडद्यापाशीच होती. तिने टॉवेल गळ्यात अडकवला, आतल्या बाईला ओरडून काहीतरी सांगितलं आणि येऊन लीलावतीच्या शेजारी उकिडवी बसली.

"जा ना आत," लीलावती म्हणाली.

"न्हाणी काय, उद्याही आहे," विभा म्हणाली. "पाला आठवडाभरच असतो."

नुपूरने स्वेटर ओवीच्या गळ्यात टाकला आणि पलीकडच्या बाजूला जागा केली. टाक्याभोवती पुन्हा बोलणं सुरू झालं. त्यातलं लीलावतीला काही कळत नव्हतं, पण बोलणं तिच्याबद्दल नव्हतं, एवढं कळत होतं. काळपट हिरवं गोंदण पाण्याखाली हलत होतं, पाल्याच्या देठांत मिसळून जात होतं, पुन्हा वर येत होतं.

"नुपूर," ती म्हणाली, "सबंध हिवाळा ही गल्ली माझ्या हातचं खाणार."

नुपूर इतक्या मोठ्याने हसली की मियासाका-सानने ओवीला कारण विचारलं. ओवीने ते सांगितलं. म्हातारीने टाक्यातून हात न काढता उत्तर दिलं.

"ती म्हणते, मग नीट धू."

अवधूत अजून दोन दारांच्या मध्ये उभा होता. गुणवंत कधीच पुरुषांच्या दारातून आत गेला होता आणि आतून त्याला हाका मारत होता. अवधूतने त्या हाका ऐकल्या नाहीत, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हातातलं पाकीट त्याने एकदा खिशात घातलं, परत काढलं, आणि शेवटी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यांपुढे जाऊन उभा राहिला. तिथे चार डबे होते आणि हे कुठल्यात जातं ते त्याला ठरवता येईना.

"जळणाऱ्या कचऱ्यात, पप्पा," ओवी म्हणाली.

पाकीट टाकून तो टाक्यापाशी आला. आईच्या मागे उभा राहिला. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. तिने मान वळवली नाही. ढिगातली एक मोठी जुडी उचलून तिने शेजारच्या दगडावर, त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही घे," ती म्हणाली. "आणि आधी बाह्या वर कर."